मार्सेलाचा लिफाफा

बूयाच्या, म्हणजे कोंबडी नि भाज्यांच्या रश्श्याच्या, कढईभोवती राजकारण काढायचं नाही, हा मार्सेला लांपेररचा नियम होता. चोपन्न वर्षं तो घरात सगळ्यांनी पाळला, कारण मोडणाऱ्याच्या वाडग्यात ती कोंबडीची मान तेवढी वाढायची. आता मार्सेला जाऊन अठरा दिवस झाले होते. सकाळी चर्चमध्ये मृतांच्या दिवसाची मिसा झाली, दफनभूमीत तिच्या ओल्या मातीवर घरच्यांनी मेणबत्त्या ठेवल्या, आणि परत येऊन अंगणात कढईखाली जाळ केला न केला तोच तिच्या धाकट्या दिरानं, फ्लोरियननं, कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली.

"अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस," तो म्हणाला. "मंगळवारच्या निवडणुकीचा विद्यापीठाचा शेवटचा सर्व्हे. निळे एकानं पुढे."

"खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाच, काका," डेल म्हणाला. मार्सेलाचा हा मुलगा सकाळचं दूध काढून तसाच मिसेला आला होता, गोठ्यातले बूट अजून पायात होते. "चार टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांना काही माहीत नाही. आणि हे आपल्याला सांगायला त्यांनी महिनाभर आठशे लोकांना फोन केले."

फ्लोरियन हसला. मार्सेलाचा नवरा नॉर्बर्ट हसला नाही. वल्ह्याएवढा लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून तो कढई ढवळत राहिला. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी डावाला त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

डिनंट हे आमचं साडेसहाशे माणसांचं टाऊन. विस्कॉन्सिनात खाडीच्या कडेला, सगळे मूळचे बेल्जियन, सगळे एकमेकांचे कोण ना कोण. राज्य तराजूच्या काट्यावर आणि आमची कौंटी त्या काट्याच्या टोकावर, त्यामुळे निवडणूक आली की दूरदूरच्या वाहिन्यांच्या गाड्या आमच्या एकुलत्या एका चौकात येऊन उभ्या राहतात आणि पेट्रोल भरायला आलेल्या माणसाला विचारतात, तुमच्या मनात काय चाललंय? माझ्या लोकांना मन असतं हे दर चार वर्षांनी एकदाच जगाच्या लक्षात येतं. मग पुढची चार वर्षं दुधाला काय भाव मिळतो हे विचारायला कुत्रं फिरकत नाही.

लांपेररांच्या घरातही काटा तसाच होता. रस्त्याच्या अलीकडे नॉर्बर्टचं विटांचं घर, अंगणात निळ्या पक्षाची पाटी. नॉर्बर्टच्या बापानं दुधाच्या संपात कॅन रस्त्यावर ओतले होते, तेव्हापासून या घरात निळ्याशिवाय दुसरा रंग नव्हता. पलीकडे डेलचं घर आणि गोठा, गोठ्याच्या भिंतीवर लाल पक्षाची खाटेएवढी पाटी. लांपेररांच्या मधून जाताना डोक्यावर हेल्मेट घालावं लागतं, असं पोस्टमन म्हणायचा.

"हे आठशे लोक कोण असतात पण?" फ्लोरियन म्हणाला. "चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, मला कधी कुणाचा फोन नाही."

"मी अनोळखी नंबर उचलतच नाही," जोलीन म्हणाली. नॉर्बर्टची ही धाकटी लेक मिलवॉकीत शाळेत शिकवायची. गेला महिनाभर ती संध्याकाळी दारोदार फिरून निळ्यांचा प्रचार करत होती आणि आजारी मुलाचा ताप बघावा तसे दिवसातून दहा वेळा फोनवर सर्व्हे बघत होती.

"मी उचलतो," डेल म्हणाला, "आणि खोटं सांगतो. एकदा सांगितलं, मी बहात्तर वर्षांची विधवा आहे."

"म्हणून निळे पुढे दिसतायत!"

"बघ, तुझ्या उपयोगी पडलो की नाही?"

हे बोलणं हसण्यावारीच संपलं असतं. पण नॉर्बर्टनं डाव थांबवला.

"त्या आठशेंत तुमची आई आहे," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या पायरीवर रोंडा गाजरं चिरत बसली होती. तिची सुरी तिथेच थांबली.

रोंडा डेलची बायको, आणि डिनंट टाऊनची क्लार्क. ही निवडून द्यायची जागा आहे, पण सोळा वर्षांत तिच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नव्हतं, कारण काम म्हणजे कुत्र्यांचे परवाने, सभेची टिपणं आणि वर्षातून दोन-चार वेळा निवडणूक. टाऊन हॉलच्या लोखंडी कपाटात या घटकेला टपालानं आलेल्या मतांचे एकशे त्रेचाळीस बंद लिफाफे होते. आमच्याकडे ते मतदानाच्या दिवशीच उघडतात. त्यांतला एक तिच्या सासूचा होता. अंत्यविधीनंतरच्या जेवणात लोक मार्सेलाच्या हातच्या चवीबद्दल बोलत होते आणि रोंडाच्या डोक्यात तो लिफाफा होता. त्याची तिला अजून लाज वाटत होती. अठरा दिवसांत ती याबद्दल कुणाजवळ एक शब्द बोलली नव्हती. कुणी विचारूही नये, एवढीच तिची इच्छा होती.

"मा आहे म्हणजे?" जोलीननं विचारलं.

"ऑक्टोबरच्या चार तारखेला फोन आला, घरच्या फोनवर. मी उचलला. पोरगी म्हणाली, घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झालाय त्याच्याशी बोलायचंय. म्हटलं, बाई, मी बोलतो की, मला वेळ आहे. म्हणाली, नाही, नियम आहे." नॉर्बर्टनं डाव पुन्हा फिरवायला घेतला. "हिचा सव्वीस सप्टेंबरला झाला होता. दिला तिच्याकडे फोन. बावीस मिनिटं बोलली."

"बावीस मिनिटं? मा?" डेल म्हणाला. "माझ्याशी फोनवर ती बावीस मिनिटं अख्ख्या जन्मात बोलली नसेल."

"बोलणारच," जोलीन म्हणाली. "कुणीतरी बावीस मिनिटं तिला तिचं मत विचारत होतं. या घरात कुणी कधी विचारलंय?"

ती हे भावाला टोचायला म्हणाली होती. लागलं ते बापाला, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

फ्लोरियननं चष्मा लावून कोष्टक धुंडाळलं. "हे बघा. पासष्टच्या वरच्या बायका. निळे सहानं पुढे."

"त्यात मा आहे," जोलीन म्हणाली आणि तिचा आवाज एकदम भरून आला. आई गेली तेव्हा ती चार तास उशिरा पोचली होती. इस्पितळाच्या दारात डेलनं तिला नुसतं मान हलवून सांगितलं, त्याबद्दल तिनं त्याला अजून माफ केलं नव्हतं. आणि आता आई त्या छापील कोष्टकात एका आकड्यात कुठेतरी बसलेली होती. "म्हणजे सर्व्हेत ती जिवंत आहे."

"सर्व्हेत काय, मीपण विधवा आहे," डेल पुटपुटला.

"आणि मत? तिनं टपालानं मत दिलं होतं ना? रोंडा?"

झालं. रोंडानं सुरी बाजूला ठेवली.

"दिलंय," ती म्हणाली. "आठ तारखेला माझ्याकडे आलंय."

"मग ते मोजणार ना?"

"माणूस मतदानाच्या दिवसाआधी गेला तर मत मोजत नाहीत, जोलीन. लिफाफा न उघडता बाजूला काढतात. कायदा आहे."

"तिनं दिलं तेव्हा ती होती! शुद्धीवर होती, स्वतःच्या हातानं दिलंय. पा साक्षीदार आहे त्याला."

"मला माहीत आहे. साक्षीदाराची सही मीच तपासली."

"तुला कुणी सांगितलंय का अजून? राज्याकडून मेलेल्यांची यादी येते ना? आलीय का तिचं नाव त्यात?"

खोटं बोलावं की काय, असं रोंडाच्या मनात क्षणभर आलं. "नाही आलं अजून."

"मग झालं तर! तुला काही करायचंच नाहीये. फक्त काही करू नकोस. मंगळवारी एकशे त्रेचाळीस लिफाफे उघडतील, त्यात तो एक."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" डेलनं हातातलं लाकूड जाळात फेकलं तशा ठिणग्या उडाल्या. "माच्या दफनाला अख्खं टाऊन आलं होतं. टेबलावर मतं तपासायला बसणाऱ्या तिघींपैकी दोघींनी तेव्हा सँडविचेस केली. आणि टाऊनची क्लार्क कोण? तिची सून! सगळ्या देशात दाखवतील, बुधवारी सकाळी. चौकात वाहिनीची गाडी आयती उभी आहे. मेलेल्या सासूचं मत सुनेनं मोजलं. रोंडाला कोर्टात उभं करतील."

"गेल्या वेळी डिनंटमध्ये अकरा मतांचा फरक होता," जोलीन म्हणाली. "तुला भीती कशाची आहे ते मला कळतंय. मत निळं आहे म्हणून तुला कायदा आठवला."

"आणि निळं आहे म्हणून तुला आई आठवली."

"डेल!" फ्लोरियन म्हणाला.

कढईतला रस्सा रटरटत होता. नॉर्बर्टला तो दिसत नव्हता. पोरं कुत्र्यांसारखी एकमेकांवर धावून जातायत हेही त्याला जरा लांबूनच ऐकू येत होतं. गेले अठरा दिवस त्याला सगळं तसंच ऐकू येत होतं. आज रोंडाला बाजूला घेऊन एक गोष्ट मागायची, असं त्यानं ठरवलं होतं. मिसेला तो तेच म्हणत होता, प्रार्थना नाही. हिचं मत तेवढं जाऊ दे पेटीत. पण डेल आत्ता जे बोलला ते त्यानंही मनात शंभरदा घोळवलं होतं. सोळा वर्षं या मुलीनं एका कुत्र्याचा परवाना कधी चुकीचा दिला नव्हता.

"पा, तू सांग," जोलीन त्याच्याकडे वळली. "मत तुझंही आहे. तिचं आणि तुझं एकच."

"एक नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"म्हणजे?"

"डाव धर," तो फ्लोरियनला म्हणाला. फ्लोरियननं धरला. नॉर्बर्ट कढईपासून दूर होऊन बाकावर बसला आणि कितीतरी वेळ त्यानं हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

"तिनं मला स्वयंपाकघरातून घालवलं त्या दिवशी," तो म्हणाला. "फोन आल्यावर. म्हणाली, बाहेर जा, हे माझं आणि या मुलीचं काम आहे. मी व्हरांड्यात गेलो. खिडकी उघडी होती. मी काही मुद्दाम ऐकायला थांबलो नव्हतो. थांबलो होतो. खोटं कशाला बोलू, थांबलो होतो." त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. "मुलीनं विचारलं असणार, मत कुणाला. हिनं नाव घेतलं. डेलच्या माणसाचं."

फ्लोरियनचा डाव थांबला आणि तळाशी लागू नये म्हणून रोंडानं त्याला खुणेनं ढवळायला सांगितलं.

"मग मुलीनं विचारलं असेल, नक्की का? ही म्हणाली, अगदी नक्की, मागच्या तिन्ही वेळांसारखं. आणि म्हणाली, हे माझ्या नवऱ्याला तर कळवत नाही ना तुम्ही? त्याला लागेल."

"मागच्या तिन्ही," डेल हळूच म्हणाला. गेली बारा वर्षं रोज पहाटे आई त्याच्याबरोबर गोठ्यात असायची. तो तावातावानं राजकारण बोलायचा आणि ती गाईचं आचळ पुसत 'हं' म्हणायची. ती बापाच्या बाजूची आहे आणि निव्वळ मायेपोटी ऐकून घेते, असं त्याला वाटायचं. "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू तिला बोलू कधी दिलंस?" रोंडा म्हणाली.

"मला लागलं," नॉर्बर्ट म्हणाला. "तिला बरोबर माहीत होतं. लागलं म्हणजे काय, मला वाटलं चोपन्न वर्षं माझ्या ताटात दुसरीच कोण जेवत होती. आत येऊन मी तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ती विचारायची, पोट बरं नाही का? मी म्हणायचो, हं. सातला संध्याकाळी तिनं मतपत्रिका आणून टेबलावर ठेवली. म्हणाली, साक्षीदार हो. मी पाठ करून बसलो, नियमच आहे तसा. मागे पेनाचा आवाज येत होता. मग मी सही केली आणि म्हटलं, पेन नीट चालतंय का. तीन दिवसांनंतरचं माझं पहिलं वाक्य ते." त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं. "पंधराला ती गेली. फोन आल्यापासून माझ्याजवळ अकरा दिवस होते, त्यातले तीन मी असे उधळले. मेल्या राजकारणापायी."

जोलीननं तोंडावर हात धरला होता. ती रडत होती, पण डोक्यात दुसरंही चाललं होतं, आणि ते चाललंय हे तिला कळत होतं म्हणून ती जास्त रडत होती. निळे एकानं पुढे. त्या सहाच्या आघाडीत आई नव्हती. आई पलीकडे होती. महिनाभर दारोदार हिंडून आपण अनोळखी बायकांना जे समजावत होतो, ते आईला एकदाही विचारलं नाही. आई आपलीच, हे गृहीतच धरलं होतं.

डेलनं घसा खाकरला. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "यादी अजून आलेली नाही. म्हणजे कागदोपत्री..."

"कायदा आहे, डेल," जोलीन पटकन म्हणाली. "रोंडाला कोर्टात उभं करतील, तूच म्हणालास ना."

"मी म्हणालो, पण तिनं शुद्धीवर दिलंय, स्वतःच्या..."

दोघं एकाच वेळी थांबली. फ्लोरियन आधी एकाकडे आणि मग दुसरीकडे बघत राहिला.

"अरे वा," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत दोन टक्के इकडचे तिकडे झाले. हे त्या बारीक अक्षरातले, होय ना?"

रोंडा उठली. ती सहसा आवाज चढवत नाही. लांपेररांच्या घरात आवाज चढवायला माणसं आधीच भरपूर होती.

"लाज वाटू द्या जरा दोघांना," ती म्हणाली. "अर्ध्या तासापूर्वी एकाला कायदा हवा होता नि एकीला आई. आता एकीला कायदा हवाय नि एकाला आई. आणि मधे मी! मला वाटत नाही का, तिचं मत जावं असं? मला कुणी विचारलं का? नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला बूया येत नव्हता म्हणून तुम्ही सगळे हसलात. तिनं रात्रभर माझ्याबरोबर उभं राहून शिकवला आणि सकाळी सांगितलं, हा रोंडानं केलाय. तिचा लिफाफा मी बाजूला काढणार आहे. मंगळवारी, सगळ्यांच्या समोर, माझ्या हातानं. आणि मला ते आयुष्यभर डाचणार आहे. तेव्हा कृपा करून मला नियम सांगू नका, नि माया पण सांगू नका."



मग नॉर्बर्टनं कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. मार्सेलाचा मृत्यूचा दाखला. तो त्यानं उजेडासाठी म्हणून लांब धरला, पण वाचला नाही.

"तुला कागद लागतो ना?" तो म्हणाला. "यादी नाही आली तरी हा चालेल?"

"चालेल, पा."

"मग मी आणून दिला असं लिही. नवऱ्यानं आणून दिला. म्हणजे सुनेनं केलं असं कुणी म्हणणार नाही." त्यानं घड्याळ पाहिलं. "दोन ते चार तू हॉल उघडा ठेवणार आहेस ना, आधी मत द्यायला येणाऱ्यांसाठी?"

"हो."

"जेवण झालं की मी येतो तुझ्याबरोबर."

"पा, तुम्ही तर नेहमी मंगळवारी..."

"मंगळवारपर्यंत माझा धीर टिकायचा नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

बूया वाढला गेला. मार्सेला असती तर सगळ्यांच्याच वाडग्यात माना पडल्या असत्या, असं फ्लोरियन म्हणाला, आणि त्यावर सगळी हसली, जोलीन आणि डेलसुद्धा, आणि मग डेलनं स्वतःच्या वाडग्यातली चांगली मांडी उचलून बहिणीच्या वाडग्यात टाकली. तिनं ती खाल्ली. आमच्या लोकांत माफी मागायची यापेक्षा मोठी पद्धत नाही.

टाऊन हॉल म्हणजे एकच खोली. एक टेबल, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात पुठ्ठ्याचे आडोसे लावलेलं मत द्यायचं उभं बाकडं. रोंडानं हीटर लावला, कपाट उघडलं. नॉर्बर्टसमोर तिनं दाखल्याची नोंद केली, वेळ घातली, त्याची सही घेतली, आणि दाखला एका मोठ्या पाकिटात घातला. मग गठ्ठ्यातून मार्सेलाचा लिफाफा काढला. नॉर्बर्टनं हात पुढे केला नाही, पण रोंडानं तो मुद्दाम जरा वेळ टेबलावर राहू दिला. वर मार्सेलाची सही होती, शाळेतल्या मुलीसारखी गोल, आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून त्याची. त्यानं ती दोन्ही नावं पाहिली.

"बघून झालं," तो म्हणाला.

रोंडानं लिफाफा दाखल्याच्या पाकिटात ठेवला. तो आता उघडला जाणार नव्हता. काही महिन्यांनी, मुदत संपल्यावर, न उघडताच नष्ट होणार होता.

"आता मला माझी दे."

"ओळखपत्र?"

"तू मला ओळखत नाहीस?"

"पा."

त्यानं पाकिटातून गाडीचा परवाना काढून दाखवला. तिनं नोंद केली, मतपत्रिका दिली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर चौकात एका वाहिनीचा माणूस कुणाला तरी थांबवून बोलत होता. मागे पेनाचा आवाज आला. थोडासाच.

"चुकलं," नॉर्बर्ट म्हणाला. तो आडोशातून बाहेर आला होता, मतपत्रिका दुमडून हातात धरलेली. "हात आपोआप गेला. इतक्या वर्षांची सवय. दुसरी दे."

काय चुकलं ते रोंडानं विचारलं नाही. तिला कळलं, हात निळ्याकडे गेला होता. या माणसाच्या बापानं रस्त्यावर दूध ओतलं होतं. तिनं न बघता मतपत्रिका फाडली, नियमाप्रमाणे 'बाद' म्हणून लिहिली, आणि दुसरी दिली.

या वेळी कितीतरी वेळ पेनाचा आवाजच आला नाही. हीटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. मग आवाज आला, आणि त्यामागोमाग पूर्वजांच्या वालून भाषेतली एक शिवी.

"हीपण," तो म्हणाला. "या वेळी हात नाही गेला. या वेळी मीच केलं. नाही जमलं मला."

"तिसरी शेवटची, पा," रोंडा म्हणाली. "त्यापुढे मला देता येत नाही." आणि मग क्लार्कनं बोलू नये ते ती बोलली. "तुम्ही तुमचं मत द्या. तिनं तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

"हो ना," नॉर्बर्ट म्हणाला. "तेच ना. तिनं कधी काही मागितलंच नाही. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, रोंडा. ती काही लपवणारी बाई नव्हती. का वाटतं तुला असं, एवढंच विचारायचं होतं. सूप पिता पिता विचारता आलं असतं. ते सोडून मी तोंड फुगवून बसलो, आणि आता मला ते कधीच कळणार नाही. का, ते मला कधीच कळणार नाही."

त्यानं हात पुढे केला. तिनं तिसरी मतपत्रिका त्याच्या हातात ठेवली.

या वेळी तो लगेच बाहेर आला. मतपत्रिका त्यानं आडोशातच दुमडून लिफाफ्यात घातली होती आणि लिफाफा चिकटवला होता. टेबलाशी बसून त्यानं वर सही केली. लिफाफा रोंडाकडे सरकवला.

"जोलीनला सांगू नकोस."

"मला काय माहीत आहे सांगायला?"

नॉर्बर्टनं मान हलवली. टोपी घातली, पण उठला नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून, आता काय करायचं हे न कळल्यासारखा तो बसून राहिला.

"चोपन्न वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकलं," तो म्हणाला आणि रडू लागला.

रोंडानं पेन उचललं आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही केली.